मिरग ते मिरग

आमच्या वाडीतल्या कुठल्याही घरात जा आणि फोटोंचा अल्बम मागा. अल्बम येईल, चहाही येईल, आणि पानं उलटता उलटता लक्षात येईल की या अल्बममधलं वर्ष दोनच महिन्यांचं आहे. गणपती आणि मे महिना. माटवीखालचा गणपती (माटवी म्हणजे गणपतीच्या वर टांगलेली, रानातल्या फळाफुलांनी सजवलेली चौकट), त्याच्यापुढे दाटीवाटीने बसलेली माणसं, विसर्जनाला निघालेली ओळ. त्यानंतर एकदम आंब्याखाली खेळणारी मुलं, कुणाचं तरी लग्न, खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात, घातलेला मांडव. मधे आषाढ नाही, लावणी नाही, कापणी नाही. पौषातली थंडी तर कुणाच्याच अल्बममध्ये नाही.

कारण अगदी साधं आहे. कॅमेरा मुंबईला राहायचा. चाकरमान्यांबरोबर बॅगेतून यायचा आणि त्यांच्याबरोबरच परत जायचा. छत्तीस फोटोंचा एक रोल, तोही सगळ्या घरांना पुरवायचा. जी माणसं बाराही महिने गावी राहिली, त्यांचे फोटो निघाले ते पाहुण्यांच्या गर्दीत, नवी साडी नेसून, बहुतेक वेळा मागच्या रांगेत. पुढे मुलं आणि पाहुणे. मागे घरचे.

आमच्या घरचा अल्बम आणखी एक गोष्ट सांगतो. सासरे गिरणीत होते. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, त्यात तेही होते. पुढे ते बिऱ्हाड आवरून गावी आले ते कायमचेच. अल्बममधली त्याआधीची पानं भरगच्च आहेत. राणीच्या बागेतला फोटो आहे, स्टुडिओत रंगवलेल्या पडद्यापुढे खुर्चीवर बसून काढलेला आहे. माझ्या नवऱ्याचा पाच-सहा वर्षांचा असतानाचा एक आहे, आणि त्यापुढचा थेट दहावीनंतरचा. मधल्या वर्षांत तो कसा दिसायचा, ते फक्त सासूबाईंना माहीत. त्या अधूनमधून सांगतात, तेव्हा माझी मुलगी त्यांच्या तोंडाकडे बघत बसते.

एवढं पुरेसं होतं. एका मिरगापासून पुढच्या मिरगापर्यंत वाडीत जे जे होईल त्याचे फोटो काढायचे, असं मी ठरवलं. त्यात आम्ही घरची माणसं जिथे जिथे जाऊ तेही आलं. वर्षाची सुरुवात मिरगाची, कारण आमच्याकडे वर्ष तेव्हाच सुरू होतं. जूनच्या सात-आठ तारखेला मृग नक्षत्र लागतं, राखणदाराला, म्हणजे वाडी राखणाऱ्या देवाला, त्याचा मान दिला जातो, बी-भरणाची पोती उघडतात. फोटोंचे फोल्डरही मी मराठी महिन्यांच्या नावानेच केले. तारखेने शोधायला गेलं तर मला काहीच सापडत नाही. श्रावण म्हटलं की सगळं आठवतं.

कॅमेरा माझ्या दिरांचा. त्यांनी नवा घेतला तेव्हा जुना माझ्याकडे आला. त्यावर ५० मिलिमीटरची साधी लेन्स आहे, एफ १.८ पर्यंत उघडणारी. उजेड कमी असला तरी चालते, आणि आमच्या पडव्यांमध्ये उजेड कमीच असतो. झूम नाही. त्यामुळे माणूस मोठा दिसायला हवा असेल तर त्याच्याजवळ जावं लागतं. जवळ गेलं की बोलावं लागतं, आणि चार शब्द बोलून झाले की फोटो निराळाच येतो. माझ्याकडे लांबून टिपणारी लेन्स असती, तर या वर्षातले निम्मे फोटो मला मिळाले नसते असं मला मनापासून वाटतं.

पावसात कॅमेरा बाहेर काढू नये असं सगळेच सांगत होते. मी म्हणेन, कोकणात फोटो काढायचे तर पावसातच काढावेत. ढगांमधून येणारा उजेड चेहऱ्यावर सगळीकडे सारखा पसरतो, डोळ्यांखाली काळोख धरत नाही. चिऱ्याच्या भिंती भिजून गडद होतात आणि त्यांच्यापुढे साध्या फिकट साडीतली बाईही उठून दिसते. कॅमेऱ्याला मात्र एवढा हिरवा रंग झेपत नाही. तो आपल्या हिशेबाने रंग सावरायला जातो आणि माणसांच्या कातडीवर गुलाबी झाक आणतो. म्हणून व्हाइट बॅलन्स ‘ढगाळ’ वर कायमचा लावून ठेवायचा. दमटपणाने भिंगाच्या आत बुरशी धरते, त्यासाठी घट्ट झाकणाचा डबा आणि त्यात सिलिका जेलच्या पुड्या. निळे दाणे ओल शोषून गुलाबी झाले की एका जुन्या, स्वयंपाकातून बाद केलेल्या तव्यावर परतायचे, पुन्हा निळे होतात. वाडीतल्या पोरांना या दाण्यांचं भारी कौतुक. रंग बदलला का ते बघायला रोज कोणी ना कोणी डोकावून जायचं.

लावणीचे फोटो मेरेवर, म्हणजे बांधावर, उभं राहून काढले तर सगळ्या पाठीच दिसतात. इरली गेली, आता प्लॅस्टिक आलं, त्यामुळे निळ्या-पिवळ्या पाठी. म्हणून मी साडी खोचून कुणग्यात, म्हणजे भाताच्या खाचरात, उतरले. डाव्या हातात तरव्याची, म्हणजे भाताच्या रोपांची, मूठ, उजव्या हाताने त्यातल्या तीन-चार काड्या सोडवायच्या, अंगठ्याने दाबून चिखलात रोवायच्या, हात वर. हे इतकं भराभर चालतं की शटर सेकंदाच्या पाचशेव्या भागापेक्षा जास्त वेळ उघडं राहिलं तर हात पुसट येतो. माझ्या हातात एक फोटो असा आला की बोटं नुकतीच वर निघाली आहेत, चिखलात अंगठ्याची खळगी स्पष्ट आहे आणि तिच्यात पाणी शिरतं आहे. नखांच्या कडांना चिखल, करंगळीत पातळ झालेली अंगठी. चेहरा नाही. तरी वाडीतल्या प्रत्येक बाईने तो हात कुणाचा ते बघताक्षणी सांगितलं.

शेजारचे कुणगे पड आहेत. त्यांचेही फोटो काढले. तिथे लावणीची रांग नाही, गवत आणि मधेच उगवलेली झुडपं आहेत. लावायला माणूस नाही म्हणून जमीन पडून राहते. वाडीचं वर्ष टिपायचं तर हेही टिपायला हवं. फक्त हिरव्यागार शेताचे फोटो दाखवून मला कुणाला खुशीत ठेवायचं नव्हतं.

गणपती. यावर खरं तर फार लिहायला नको, कारण हे सगळ्यांकडे आहे. फक्त मी या वेळी कॅमेरा घेऊन माजघरापलीकडे, मागीलदारी बसले. पुढच्या खोलीत बुवांनी भजनाला तोंड फोडलं, पखवाज आणि झांजा सुरू झाल्या, आणि मागे दोन चुलींवर काळ्या वाटाण्यांची उसळ रटरटत होती. भजनी मंडळी आमच्याकडून उठून पुढच्या घरी जाणार, तिथून पुढच्या. प्रत्येक घरी मागीलदारी दोन-तीन बायका अशाच बसलेल्या. आरती त्यांना फक्त ऐकू येते. सासूबाई उसळ ढवळता ढवळता आरतीचे शब्द पुटपुटत होत्या, आणि ‘घालीन लोटांगण’ला डाव तसाच हातात धरून त्यांनी जागच्या जागी गिरकी घेतली. त्या गिरकीचा फोटो मी पाहुण्यांना दाखवला तेव्हा मुंबईच्या नणंदेच्या डोळ्यांत पाणी आलं. इतकी वर्षं गणपतीला येऊन तिने आईला आरतीच्या वेळी कधी पाहिलंच नव्हतं. ती पुढे असायची.

माटवीचं सामान आणायला वाडीतली मंडळी रानात जातात तेही टिपलं. कवंडळं, कांगण्या, हरणं, शेरवडं, तेरडा. कवंडळाची वेल कुठल्या गडग्यावर चढते, हे आता दोन-तीन जणांनाच माहीत आहे. पोरांना बरोबर न्या, असं मी मुद्दाम सांगितलं. पोरं गेली. कोणती वेल कुठे आहे, त्या जागेसकट फोटो काढून ठेवले आहेत.

आणि मग परतीचा दिवस. याचे फोटो कुणीच काढत नाही. रिक्षा आणि टेम्पो कणकवली स्टेशनच्या दिशेने निघतात. त्याआधी घरं बंद होतात. भांडी पालथी घातली जातात, गाद्या गुंडाळून ठेवल्या जातात, मेन स्विच खाली ओढला जातो. शेवटी दाराला कुलूप, आणि चावी आमच्याकडे. आमच्या माजघरात दाराआड खुंट्यांची एक फळी आहे, तिच्यावर वाडीतल्या बंद घरांच्या चाव्या असतात. ओळखू याव्यात म्हणून सासूबाईंनी प्रत्येकीला वेगळ्या कापडाची चिंधी बांधली आहे. एक परकराची, एक जुन्या शाळेच्या गणवेशाची खाकी, एक जरीच्या काठाची. ज्या घराची चावी, त्याच घरातलं कापड. मी प्रत्येक चावीचा वेगळा फोटो घेतला, खिडकीतून तिरपा येणारा उजेड घेऊन, चिंधीचा धागा न् धागा दिसेल असा. या वर्षातले मला सगळ्यात आवडते फोटो तेच.

आमच्या सिंधुदुर्ग जिल्ह्यात आचरे गाव आहे. तिथे काही वर्षांनी गावपळण होते. देवाचा कौल होतो, आणि सगळा गाव गुरंढोरं, कोंबड्या, कुत्री घेऊन वेशीबाहेर जातो. तीन दिवस तीन रात्री माणसं झोपड्या घालून राहतात. गावात चिटपाखरू नाही. मग पुन्हा कौल घेऊन सगळे हसतखेळत घरी परततात. माझं वर्ष गावपळणीचं नव्हतं, तरी चाव्यांचे फोटो बघताना मला तीच आठवत राहिली. तिथे जातो तो सगळा गाव जातो, आणि चौथ्या दिवशी चुली पेटतात. आमच्याकडे एकेक घर सुटं सुटं गेलं. कौल कुणी घेतला नव्हता.

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही मुंबईला गेलो. प्रवासाचे फोटो म्हणजे मुलीचे खिडकीतले फोटो आणि बोगद्यातला अंधार. कोकण रेल्वे १९९८ मध्ये पूर्ण सुरू झाली, माझ्या मुलीला तिच्याविना कोकण ठाऊकच नाही. मुंबईला मी ठरवून वाडीतल्या माणसांच्या घरी गेले. भांडुप, विक्रोळी, नालासोपारा. कारण वाडीचं वर्ष टिपायचं आणि वाडीतली निम्मी माणसं सोडून द्यायची, हे मला पटत नव्हतं. रंगाच्या रिकाम्या डब्यात लावलेली तुळस, दारावर सुकलेलं आंब्याच्या डहाळीचं तोरण, टीव्हीच्या वरच्या फळीवर ग्रामदेवतेचा फोटो. हे सगळं घेतलं.

जाताना मी त्यांच्यासाठी त्यांच्या बंद घरांचे प्रिंट घेऊन गेले होते, आषाढातले. एका काकांना त्यांच्या घराचा दिला. खळ्यात गुडघाभर गवत, पायरीवर शेवाळ, पागोळ्यांनी जमिनीत पाडलेली ओळ, आणि गवतातून वर आलेला तेरडा. काकांनी चष्मा लावून बराच वेळ पाहिला आणि विचारलं, “ह्यां माझां खळां?” काका सोळाव्या वर्षी मुंबईला आले. पाऊस म्हणजे नोकरीचे दिवस, रजा गणपतीला आणि मे महिन्यात. आपलं घर आषाढात कसं दिसतं ते त्यांनी सोळाव्या वर्षानंतर पाहिलंच नव्हतं. त्यांनी तो प्रिंट काकींना दाखवला, मुलाला दाखवला, शेजारच्या खोलीतल्या उत्तर भारतीय शेजाऱ्याला बोलावून दाखवला. पागोळ्यांच्या ओळीवर बोट ठेवून म्हणाले, इथे आम्ही कागदाच्या होड्या सोडायचो. मी तेवढ्यात त्यांचाच एक फोटो घेतला. एका हातात घराचा प्रिंट, दुसऱ्या हाताचं बोट पागोळीवर, मागे नालासोपाऱ्याची खिडकी आणि तिच्या गजांवर वाळत घातलेले कपडे.

आता या वर्षातल्या ज्या कामाला सगळ्यात जास्त वेळ लागला, त्याबद्दल.

श्रावणात वरच्या घरातली काकी आली आणि पडवीत बसून म्हणाली, “गो बाय, माझो एक बरो फोटो काढून ठेव. मगे खंय शोधतलात?” मी काही बोलायच्या आत तिनेच पुढे सांगितलं, “आधारकार्डावरचो लावू नकात. त्यात माकाच माझी वळख पटणा नाय.”

तिचं म्हणणं वाडीतल्या सगळ्यांना कळण्यासारखं होतं. माणूस जातं, आणि दहाव्या-बाराव्याच्या आत भिंतीवर लावायला फोटो शोधायची धावपळ होते. सगळ्यांचे मोबाइल उघडले जातात. शेवटी कुठल्या तरी लग्नातला सापडतो. त्यातून चेहरा कापून मोठा करतात, म्हणून तो फुटलेला, पुसट. कानाजवळ दुसऱ्याच कुणाचा तरी खांदा. कधी फोटोवाला संगणकावर कोट चढवून देतो, आणि ज्या माणसाने जन्मभर बंडी आणि पंचा सोडून काही घातलं नाही तो भिंतीवर कोट-टायमध्ये बसतो. नातवंडं पुढे तोच आजोबा खरा समजतात. मला हे फार लागतं. जन्मभर कष्ट केलेल्या माणसाला स्वतःच्या चेहऱ्याचा एक नीट फोटो मिळू नये, याला काय म्हणावं?

तर काकीचा फोटो. सकाळी दहाच्या सुमारास, पडवीच्या कडेला स्टूल, तोंड खळ्याकडे. खळ्यातला उजेड समोरून मऊ येतो आणि मागची पडवी आपोआप काळोखात जाते. पडद्याची गरज नाही, दिव्याची नाही. काकी आधी श्वास रोखून बसली, हात गुडघ्यांवर, पासपोर्टच्या फोटोला बसतात तशी. मी कॅमेरा खाली ठेवला आणि तिच्या माहेरच्या जत्रेचं विचारलं. दशावतारात तिचा भाऊ स्त्रीपार्ट करायचा. त्याचं बोलता बोलता तिचा चेहरा सुटला, हात वर गेले, पदर सारखा करायची तिची लकब आली. मग घेतले. नंतर कॅमेऱ्याच्या पडद्यावर तिने एकेक बघितला आणि आपला आपण निवडला. हसरा निवडेल असं मला वाटलं होतं. तिने निवडला तो बोलणं थांबवून खळ्याकडे बघतानाचा.

मग एकेक येऊ लागले. माडावर चढणारे अण्णा म्हणाले, आकडी आणि कोयता कमरेला हवा, नाहीतर काढू नको. एक आजी म्हशीशिवाय बसेना, तेव्हा स्टूल गोठ्यापाशी नेलं. एका जोडप्याचा लग्नानंतर दोघांचा असा फोटोच नव्हता, त्यांना पन्नाशी उलटून गेली होती. बायका स्वतःहून येतात, पुरुषांना आणावं लागतं, हेही कळलं. आणि मुलांना त्यांच्या आजीजवळ बसवून काढायचे तर आजीचा आधी काढावा. एकदा मुलं आली की आजी स्वतःकडे बघायची थांबते.

प्रिंट कणकवलीला काढून आणले, मोठे, फ्रेमसह. फ्रेम करताना काच आणि फोटो यांच्यामध्ये पुठ्ठ्याची चौकट घालून थोडी जागा ठेवायला लावली. आपल्याकडच्या हवेत फोटो काचेला चिकटतो, कारण कागदावरचा जिलेटिनचा थर ओल धरतो. मग काढायला गेलं की चेहराच काचेवर राहतो. असे किती तरी फोटो गेले. उरलेले वाळवीने नेले. आणि सत्तर-ऐंशीच्या दशकांतले रंगीत फोटो तांबूस होत चालले आहेत. त्यातला निळसर रंग आधी उडतो, म्हणून सगळी माणसं संध्याकाळच्या उन्हात बसल्यासारखी दिसतात. जमतील तेवढे जुने फोटोही मी खळ्यातल्या सावलीत ठेवून कॅमेऱ्याने उतरवून घेतले.

माघात काकी गेली. मी अंत्ययात्रेचे फोटो काढले नाहीत, कॅमेरा डब्यातच होता. राखणदारापुढचं गाऱ्हाणंही मी कधी काढलं नाही. ‘बा देवा म्हाराजा’ म्हणून आवाज निघाला की सगळ्यांनी ‘होय म्हाराजा’ म्हणायचं असतं, आणि त्या वेळी माझी जागा म्हणणाऱ्यांत आहे. काकीच्या भिंतीवर मात्र फोटो तयार होता. तिच्या मुलाला कुठे धावावं लागलं नाही. बाराव्याला आलेली तिची माहेरची माणसं त्या फोटोपुढे उभी राहून आपसात बोलत होती की ही अशीच बघायची, जत्रेतून परतताना, वळणावर थांबून.

प्रवासातही मला हीच सवय लागली. मालवणला गेलो तेव्हा दांडीच्या किनाऱ्यावर रापण, म्हणजे मासेमारीचं मोठं जाळं, ओढत होते. दोन्ही बाजूंनी दोराला माणसं लागलेली, कमरेचा जोर लावून मागे मागे सरकणारी. मुलीने दोराला हात लावला, तर एकाने तिला रांगेत उभं राहायला जागा करून दिली. आठ-दहा पावलं ओढल्यावर तिचे तळवे लाल झाले. जाळं आलं, बांगडा आणि पेडवे उसळत होते, लगेच वाटे पडू लागले. तिचा तळव्यांचा फोटो आणि शेजारच्या रापणकराच्या तळव्यांचा फोटो मी अल्बममध्ये समोरासमोर लावला आहे.

मग सिंधुदुर्ग किल्ला. १६६४ मध्ये कुरटे बेटावर याचं काम सुरू झालं; महाराजांच्या हाताचा आणि पायाचा ठसा, श्रीशिवराजेश्वराचं मंदिर, खाऱ्या समुद्राच्या मधे गोड्या पाण्याच्या दूधबाव, साखरबाव आणि दहीबाव. हे सगळे बघतात आणि बघावंच. किल्ल्यात आजही काही कुटुंबं राहतात, हे मात्र होडीतून उतरलेल्या कित्येकांच्या ध्यानात येत नाही. कोकम सरबत देणाऱ्या एका बाईशी सासूबाईंचं बोलणं सुरू झालं, कुठलं माहेर, कुठली सोयरीक. मी फोटो काढू का विचारलं, तर ती म्हणाली, “पावसात ये गो फोटो काढूक. तेवा हय कोणच येणा नाय.” पावसाळ्यात पर्यटकांच्या होड्या बंद असतात. म्हणजे तिचंही वर्ष आमच्यासारखंच, कुणी न पाहिलेले चार महिने त्यात आहेत. मी तिचा फोटो घेतला, प्रिंट पाठवला, आणि पावसाळ्याच्या दिवसांत तिच्या मोबाइलवर तिनेच काढावेत असं सांगून आले.

राजापूर तालुक्यात कशेळीला गेलो ते कनकादित्याच्या दर्शनाला आणि सड्यावरचा, म्हणजे उघड्या कातळपठारावरचा, हत्ती बघायला. जांभ्या दगडात कोरलेलं हे चित्र सुमारे १८ मीटर लांब आहे, आणि त्याच्या पोटात आणखी किती तरी प्राणी कोरलेले. कोकणातली ही कातळशिल्पं २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. फोटो काढणाऱ्याने एक लक्षात ठेवावं: भर दुपारी जाऊ नये. ऊन डोक्यावर असताना कोरीव रेषा दगडात बुडून जाते. सकाळी लवकर किंवा उन्हं उतरताना तिरपा प्रकाश आला की रेषेच्या एका काठाला सावली धरते आणि अख्खा प्राणी उठून दिसतो. मुलीला मी हत्तीच्या रेषेच्या कडेने, दगडाला धक्का न लावता बाहेरून, चालत जायला सांगितलं आणि सोंडेपासून शेपटीपर्यंत तिचे फोटो घेतले. एका फोटोत हत्ती मावत नव्हता. तिच्या चालण्यात मावला.

आंब्याच्या दिवसांतली एक गोष्ट सांगायलाच हवी. देवगड हापूसच्या बागांची राखण बऱ्याच ठिकाणी नेपाळी कुटुंबं करतात. मोहोर धरल्यापासून आंबा उतरेपर्यंत बागेतच झोपडी, माकडं हाकणं, फवारणीला पाणी ओढणं, झेल्याने फळ काढणं. पेटीवर बागायतदाराचं नाव असतं. २०१८ मध्ये हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचाही आनंदच आहे. पण ज्या हातांनी पेंढ्यात एकेक फळ बसवलं त्यांचा फोटो वाडीतल्या कुठल्याच अल्बममध्ये नव्हता, आणि तेही वाडीतच राहतात, त्यांचा मुलगा आमच्या मुलांबरोबर शाळेत जातो. त्यांना पडवीत बोलावून तसेच फोटो काढले, त्याच स्टुलावर. नवरा-बायको, मुलगा, आणि मांडीवरची धाकटी. त्यांनी ते तिथूनच मोबाइलवरून घरी पाठवले. दुसऱ्या दिवशी उलट एक फोटो आला, डोंगराच्या उतारावरच्या घरापुढे म्हातारे आई-वडील, हातात मोबाइल धरून. तो फोटोही मी वैशाखाच्या फोल्डरमध्ये ठेवला आहे. वाडीचाच आहे तो.

शिमगा, तुळशीचं लग्न, कुणकेश्वरची यात्रा, चावदिवसाच्या, म्हणजे नरकचतुर्दशीच्या, पहाटे अंगठ्याखाली फुटलेलं कारीट आणि घरोघरचे पोहे, सगळं आहे. जत्रेच्या रात्री देवळामागे एक दशावतारी लहानशा आरशात बघून स्वतःच्या भुवया रेखत होता, त्याचे फोटो तर वेगळे दाखवण्यासारखे आहेत. पण ते पुढे कधीतरी.

सगळे फोटो दोन हार्डडिस्कवर आहेत. एक आमच्याकडे, एक दिरांकडे मुंबईला. विजा आणि दमट हवा यांचा भरवसा नाही. प्रिंट वाडीच्या देवळात, पडवीच्या दोरीवर कपड्यांच्या चिमट्यांनी लावले होते. ज्याचा फोटो त्याने काढून न्यायचा. संध्याकाळपर्यंत दोरीवर फक्त पडीक कुणग्यांचे उरले. ते मीच घरी आणले.

त्याच दिवशी देवळात एका वहीत पुढच्या वर्षी कशाकशाचे फोटो हवेत ते मी लिहून घेतलं. विहिरीचा उपसा. सड्यावरची वाट, जिथून पूर्वी शाळेत जायचो ती, बुजायच्या आत. माहेरी गेलेल्या सुनेचा, ती परत आल्यावर. गुरव देवळाची घंटा पुसतो तेव्हाचा. अण्णांनी सांगितलं, माडावरून खालची वाडी कशी दिसते त्याचा काढ. मी वर कशी येणार, म्हटलं, तर म्हणाले, कॅमेरा दे, मी काढतो. त्यांना शटर कुठे दाबायचं ते दाखवायचं आहे, आणि कॅमेऱ्याचा पट्टा मानेत घट्ट बसेल असा शिवून घ्यायचा आहे. विहिरीचा उपसा या रविवारी आहे. सकाळी सातला पंप सुरू होणार, म्हणजे शनिवारी रात्रीच बॅटऱ्या चार्जिंगला लावायला हव्यात, रात्री लाईट असली तर.